माझी एन्ट्रन्स, सोबत नीलांबरी

२ जून २०२५, सोमवार

निर्णय झाला. नगरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात नोकरदारांसाठी शनिवार-रविवारचा कोर्स सुरू होतोय. कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग, दोन वर्षं, जागा तीस. वयाची अट नाही. बारावी सायन्स आणि नोकरी, एवढं पुरे. १३ जुलैला एन्ट्रन्स.

आमच्या प्राचार्यांनी मीटिंगमध्ये सांगितलं, जो हा कोर्स करेल त्याच्याकडे शाळेचा कॉम्प्युटर विभाग. सगळ्यांनी धवलकडे पाहिलं. धवल ज्युनिअर क्लार्क, सव्वीस वर्षांचा. वर्षभर ऑनलाइनची कामं तो करतो, आणि मी, बावीस वर्षं अनुभव असलेला क्लार्क, जावक रजिस्टर लिहितो. मी हात वर केला. धवल म्हणाला, मी घराचं बांधकाम काढलंय, यंदा सरच करू देत. घाबरला.

३ जून

टाइमटेबल तयार. पहाटे ५ ते ७ गणित. संध्याकाळी ६ ते ८ पायथॉन. चार रंगांची स्केचपेनं वापरली. फार देखणं झालंय. फ्रिजला लावलं. या गडबडीत आजचा अभ्यास राहिला, पण पाया महत्त्वाचा.

४ जून, सकाळी ८.१५

गजर वाजला नाही. किंवा वाजला आणि नीलांबरीने बंद केला. ती म्हणते, तुम्हीच केलात आणि वर मला गुड मॉर्निंग म्हणालात. असं माझ्या हातून होणार नाही.

७ जून

पायथॉनचा पहिला व्हिडिओ पाहिला. दीडपट स्पीडने पाहिला, आपल्याला सावकाश कशाला. सोपं आहे. मशीनला हुकूम द्यायचा, मशीन ऐकतं. मी एक हुकूम टाइप केला. लाल अक्षरांत एरर आली. लॅपटॉप जुना आहे.

१० जून

फॉर्म भरला. म्हणजे नीलांबरीने भरला. ती ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. दिवसभर दाखले काढायचे आणि नोंदी करायच्या, त्यामुळे फॉर्मचं तिला बरं जमतं. प्रोग्रॅमिंग वेगळं.

परीक्षेला एकट्याने नगरला जायचा मला कंटाळा. तिला म्हटलं, तूही भर, सोबत होईल. ती म्हणाली, नक्की? म्हटलं, अगं, टाइमपास. तिने कपाटावरची फाइल काढली. बारावीला गणितात ९१. मी एकोणीस वर्षं समजत होतो, तिचं आर्ट्स आहे.

१४ जून

आज फॉर लूप समजलं. इतकं समजलं की नीलांबरी भेंडी चिरत होती, तिला समजावून सांगितलं. एकच काम दहा वेळा करायचं, मोजायचं एकपासून. ती म्हणाली, शून्यापासून मोजतात बहुतेक. मी हसलो. शून्य भेंडी कोणी चिरतं का? तिने पुढची भेंडी चिरायला घेतली. तिचं हेच चांगलं आहे.

१८ जून

स्टाफरूममध्ये बातमी पसरली. मीच पसरवली. शिपाई भिमाजी चहा ठेवता ठेवता म्हणाला, सर, तुमी आता या वयात कालेजात जानार व्हय? लई भारी हाय. धवलला सांगून ठेवलं, ऑगस्टपासून खिडकीजवळची खुर्ची मला लागेल. तो म्हणाला, आत्ताच घ्या. मी म्हटलं, नियमाने घेऊ.

२२ जून

अभ्यासाला योग्य खुर्ची नाही, हे लक्षात आलं. घरातल्या सगळ्या खुर्च्या बसून पाहिल्या. झोपाळा बरा वाटला. गणिताचं पुस्तक छातीवर घेऊन विचार करत होतो. ईरा म्हणते, बाबा, तुम्ही घोरत होता. आठवीतल्या मुलीला एकाग्रता काय कळणार.

२९ जून, भंडारदरा

मेंदूला विश्रांती हवी, म्हणून मित्रांबरोबर दोन दिवस आलो. पुस्तक आणलंय. गाडीच्या डिकीत आहे. किल्ली काकासाहेबाकडे आहे आणि तो झोपलाय. नाइलाज.

३ जुलै

घरी परतल्यापासून पाहतोय, जेवणानंतर लॅपटॉप नीलांबरीकडे असतो. म्हटलं, काय चाललंय? म्हणाली, तुमचे व्हिडिओ पाहते. मी अडवलं नाही. वापर नसला की बॅटरी खराब होते.

८ जुलै

मॉक टेस्ट दिली. ५० पैकी ९. प्रश्नच विचित्र होते. नीलांबरीने गंमत म्हणून दिली, तिला ४१. साइटमध्ये बिघाड असणार. आता शेवटच्या पाच दिवसांत झपाटून सुरुवात. दबावाखाली माझं डोकं चांगलं चालतं.

१३ जुलै, रविवार, दुपारी ३

परीक्षा उत्तम. सगळे प्रश्न सोडवले. अर्ध्या तासात बाहेर आलो, सगळ्यांत पहिला. नीलांबरी शेवटच्या घंटेपर्यंत आत. बिचारी. बाहेर आल्यावर विचारलं, फार अवघड गेलं का? म्हणाली, एक प्रश्न राहिला. मी पाठीवर थोपटलं. रसवंतीत बसलो. तिने पेपरमधल्या एका प्रश्नाबद्दल सांगायला सुरुवात केली आणि वीस मिनिटं बोलत राहिली, हातवारे करून. रसात बर्फ विरघळला. तिला इतकं बोलताना मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. प्रश्न कोणता, ते माझ्या लक्षात राहिलं नाही.

२१ जुलै, सोमवार

निकाल लागला. नीलांबरी तिसरी.

माझं नाव तीस जणांत नाही. वेटिंग लिस्टमध्ये चाळीस नावं, त्यांतही नाही. कॉलेजला फोन केला. तिथल्या बाई नम्रपणे म्हणाल्या, सर, शंभरपैकी सतरा आहेत. तपासून पाहा म्हटलं. तपासून म्हणाल्या, सोळा. मी आभार मानून फोन ठेवला.

२२ जुलै

नीलांबरी म्हणते, जाणार नाही. ईराची शाळा, घरचं, शिवाय विभाग मिळणार होता तो तुम्हाला. मी म्हटलं, अगदी बरोबर. मग ती गॅसकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिली. गॅसवर काहीच नव्हतं.

विचारलं, तेव्हा सांगितलं. २००६ साली तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली होती. आठ दिवस गेलीही. मग आमचं ठरलं. म्हटलं, मला सांगितलं नाहीस? म्हणाली, पहिल्या दिवाळीतच सांगितलं होतं, तुम्ही मॅच बघत होता.

कोणती मॅच, ते मला आठवतंय. हे मात्र आठवत नाही.

२३ जुलै

ॲडमिशनची मुदत उद्या संपते. तिची कागदपत्रं घेऊन मी स्वतः नगरला गेलो. सही तिचीच लागते म्हणाले. परत आलो. तिला घेऊन पुन्हा गेलो. तिने सही केली. खाली तारीख लिहिताना वर्ष चुकलं, दोन शून्यांनंतर सहा लिहिला. खोडून २०२५ केलं. बाईंनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. मीही.

२४ जुलै

शाळेत सांगितलं, घरच्या कारणासाठी मी माझी जागा मिसेसना दिली. प्राचार्य म्हणाले, असं देता येतं? धवल खिडकीबाहेर बघत होता. त्याचे खांदे हलत होते. भिमाजी म्हणाला, वैनी हुशार हायेत, माझा रहिवासी दाखला धा मिन्टात काढला हुता. मी जावक रजिस्टर उघडलं.

२ ऑगस्ट, शनिवार, दुपारी २.४०

पहिला दिवस. सकाळी मी आणि ईराने तिला एसटी स्टँडवर सोडलं. तिने नवीन वही छातीशी धरली होती. मी बऱ्याच सूचना दिल्या: पुढे बस, प्रश्न विचार, काही अडलं तर मला फोन कर. ती म्हणाली, बरं. गाडी निघाल्यावर तिने हात केला. मला केला की ईराला, सांगता येत नाही.

आत्ता फोन आला. अडलं असेल म्हणून वही-पेन घेऊन बसलो. म्हणाली, प्रॅक्टिकल लांबणार आहे, पाचची गाडी मिळणार नाही, वरणभाताचा कुकर तुम्ही लावा. म्हटलं, त्यात काय. तिने फोन ठेवला.

किती शिट्ट्या, ते विचारायचं राहिलं. परत फोन लावला, तिने कट केला. लेक्चर चालू असणार. ईराला विचारलं. ती म्हणाली, आधी पाणी घातलंय का?