भूकंपातले चार अंक

ख्राइस्टचर्च, ३ ऑगस्ट २०२५

ती. काका, शि. सा. न.

इकडे थंडी कडाक्याची, पण आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुमच्या पत्रातले विनोद ऋचाला कळतात. हसते, पण उत्तर देते इंग्रजीत.

समोरच्या एलेनाबाईंबद्दल मागे लिहिलं होतं. मूळच्या चिलीच्या, वय एकोणऐंशी. त्यांच्या वडिलांनी तिकडच्या एका बंदरगावात ‘एल कानेलो’ हे दैनिक काढलं. यंदा त्याला शंभर वर्षं झाली, म्हणून संपादकांनी स्मरणिकेसाठी बाईंकडून त्याचा इतिहास मागवला. दर गुरुवारी त्या सांगतात आणि मी पुण्यात शिकलेल्या स्पॅनिशमध्ये टाइप करते. त्यांचं लाडकं वाक्य असं, की साठ सालच्या भूकंपातही अंकाचा एक दिवस खाडा झाला नाही.

मी नेटवर जुने अंक पाहिले. भूकंप रविवारी झाला. सोमवार ते गुरुवार एकही अंक नाही. म्हणून ते वाक्य काढलं आणि लेख पाठवून दिला. बाईंना सांगितलं नाही. खोटं छापू नये हे ठीक, पण मग सांगायला का घाबरले? शिरीष म्हणतो, सोडून दे. सुटत नाही. तुम्ही अडतीस वर्षं वर्तमानपत्रात मुद्रितं तपासलीत, म्हणून विचारते.

काकूंना नमस्कार. रागावलात तरी लिहा.
तुमची अनुया

सांगली, ६ ऑगस्ट २०२५

चि. अनुयास अ. आ.

सूनबाई ह्या पत्राचा फोटो काढून पाठवेल, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. तुझी काकू विचारते आहे, न्यूझीलंडात राहून चिलीच्या वर्तमानपत्राची उठाठेव करणारी ही पोरगी कोणाच्या वळणावर गेली? मी चष्मा शोधायला उठलो.

अगं इंजिनिअरबाई, तू तारखा पाहिल्यास. नावाखालचा अंक क्रमांक पाहिलास का? कृष्णेच्या पुरात आमचा अंक दोन दिवस निघाला नाही, तेव्हा क्रमांकही जागचा हलला नाही. आमचे मालक त्या बाबतीत फार सोवळे. तिथे क्रमांक पुढे गेला असेल, तर त्या दिवसांत काहीतरी निघालं होतं असं समज. नसेल गेला, तर तुझं बरोबर.

पण काहीही निघालं तरी तुझी एक चूक उरतेच. शंका आली की मजकूर देणाऱ्याला आधी विचारायचं, कात्री मग. बाई समोरच्या घरात बसल्या होत्या आणि तू परस्पर चिलीला लेख धाडलास! आता वेळ काढू नकोस, जा.

शिरीषला आशीर्वाद, ऋचाला पापा. आमची माया आहेच, ती ओरडण्यातूनही ओळखावी.
काशिनाथकाका

ख्राइस्टचर्च, २१ ऑगस्ट २०२५

ती. काका, शि. सा. न.

रविवारचा अंक ११,४०६. पुढचा, शुक्रवारचा, ११,४११.

तशीच बाईंकडे गेले आणि सगळं कबूल केलं. त्या म्हणाल्या, यंत्र आडवं झालं होतं, छपाईचे शिशाचे टाइप चिखलात सांडले होते. वडील सांगत आणि त्या, चौदा वर्षांच्या, कार्बन घालून लिहीत: कोण सापडलं, कोण कुठे आहे, प्यायचं पाणी कुठे मिळेल. रोज सहा प्रती, वर नाव आणि क्रमांक. त्या प्रती चर्चच्या दारावर ठोकत. हे आधी का नाही सांगितलं, असं विचारलं, तर म्हणाल्या, अंक निघाला असं सांगितलं होतं की! मग, येत्या गुरुवारी येऊ नकोस, म्हणाल्या.

काका, तो आठवडा सरता सरेना. संपादकांना लिहिलं. स्मरणिका छापून झाली होती; दैनिकात दुरुस्ती घेऊ म्हणाले. शनिवारी बाईंनीच बोलावलं. खास माझ्यासाठी चीज भरलेले एम्पनाडा, म्हणजे त्यांच्या करंज्या, पुढे ठेवल्या आणि दुरुस्ती लिहायला बसवलं. मी लिहिलं, की त्या चार अंकांची एकही प्रत सापडलेली नाही. पुरावा फक्त क्रमांकांचा आणि एलेनाबाईंच्या शब्दाचा. ते त्यांनी राहू दिलं. शेवटी मी लिहिलं, की वाक्य गाळण्याची चूक अनुयाची आहे.

त्यांनी माझं नाव खोडलं. वडिलांच्या वर्तमानपत्रात चूक कधी एकट्या माणसाची नसे, म्हणाल्या, आणि तिथे आपल्या हाताने लिहिलं, ‘आमची’.

मंगळवारी तसंच छापून आलं. कात्रणाचा फोटो सोबत आहे, काकूंनाही दाखवा. असेच हक्काने ओरडत राहा.
तुमची अनुया