न मोडायची ओळ

हेब्बाळ, बेंगळुरू
शनिवार दुपार

ती. सूर्यकांतकाकांस,

मल्हारचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा उभ्यानेच घातला असं समजावं). तुमचा गुडघा काय म्हणतो? वीणाकाकूंचं लोणचं पोचलं. बरणी वाटेतच फुटली होती, पण वास अजून कपाटात आहे. निपाणीत सगळे बरे असाल. इथे माझ्यावर आभाळ कोसळलंय, आणि त्यात तुमचाही हात आहे. (फोनवर तुमचा आवाज ऐकवला नसता, म्हणून पत्र. उद्याच्या बसने ड्रायव्हरच्या हाती येईल.)

निवृत्त होण्याआधी तुम्ही आमच्या कंपनीसाठी जी छोटी प्रोग्रामिंग भाषा लिहिलीत, तिचा छापायचा हुकूम आठवतो ना? कितीही लांब यादी द्या, तो ती एकाच ओळीत छापायचा, मारुतीच्या शेपटीसारखी. वीस वर्षं कुणी तक्रार केली नाही, कारण ते कुणी वाचतच नव्हतं. नव्या आवृत्तीचं काम माझ्याकडे आलं. म्हटलं, छापलेलं माणसाला वाचता तरी यावं. ऐंशी अक्षरं झाली की ओळ मोडायची आणि खाली नवी सुरू करायची. इतकं देखणं दिसायला लागलं की मी त्याचा फोटो आईला पाठवला. तिने 'छान, जेवलास का' असं कळवलं.

त्या हुकुमाच्या कोडमध्ये अगदी वरच तुमची सूचना होती, इंग्रजी अक्षरांत पण मराठीत: 'ही ओळ मोडू नये. कितीही कुरूप दिसली तरी मोडू नये.' अख्ख्या ऑफिसात ती वाचू शकणारा मी एकटा. आणि मी हसलो हो, काका. न्हाणीघरात 'बादली उपडी ठेवावी', फ्रिजवर 'दार लोटू नये, लावावे', तुळशीपाशी 'पाणी एकदाच', अशा पाट्या लावणाऱ्या माणसाची ही आणखी एक पाटी, असं वाटलं. आपल्या घरात तुमची पाटी आजवर कुणी पाळलीय?

चामराजपेटात एक डायलिसिस सेंटर आहे. तिथली रोजची यादी तुमच्याच भाषेत छापली जाते, आणि ते छापलेलं वाचून दुसरा एक जुनाट प्रोग्राम नंबर लावतो. तो पठ्ठ्या फक्त पहिली ओळ वाचतो. (दुसरी ओळ असू शकते हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.) मंगळवारी माझी आवृत्ती तिथे पोचली आणि बारापैकी तीन नावं खालच्या ओळीत गेली. दोघांनी काउंटरवर भांडून नंबर मिळवला. तिसऱ्या गंगव्वा, भाजी विकतात. यादीत नाव नाही म्हटल्यावर त्या 'सरी', म्हणजे 'बरं', म्हणाल्या आणि बसने घरी गेल्या. बुधवारी दुपारी त्यांना श्वास घेता येईना. तेव्हापासून आयसीयूत आहेत. मी ओळ पुन्हा होती तशी कुरूप केली. दहा मिनिटांचं काम होतं.

काल चौकशी झाली. आमच्या प्रमुख भार्गवी मॅडमनी तुमची सूचना पडद्यावर दाखवून विचारलं, हे काय लिहिलंय? मी सांगितलं, देवाचं नाव आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. (आयुधपूजेला सर्व्हरखाली लिंबू ठेवणारं ऑफिस आमचं, त्यांना यात नवल ते काय!) 

काकूंना नमस्कार सांगा. बरणीचं सांगू नका.

तुमचा,
मल्हार

ता. क. पत्राचं खरं कारण हे. सोमवारी भार्गवी मॅडम खात्रीसाठी त्या ओळीचा अर्थ विचारायला तुम्हाला फोन करतील. कुठल्याशा आरतीतली आहे म्हणून सांगाल? माझी नोकरी आता तुमच्या एका वाक्यावर आहे.

ता. क. २. पाकीट चिकटवायचं ठेवून इस्पितळात जाऊन आलो. गंगव्वाअक्का शुद्धीवर आल्यात. मूळच्या अथणीकडच्या, मराठी बोलतात. मी कंपनीकडून आलोय एवढंच सांगितलं. त्यांनीच माझा हात धरला आणि म्हणाल्या, "माझंच कायतरी चुकलं असंल बघ, तम्मा. मला वाचाय येत न्हाई."

काका, फोन आला की त्या ओळीत जे लिहिलंय तेच सांगा.