चार वाजताची बोट

८ जानेवारी २०२४, सोमवार

कॉम्प्युटरवर परत ती पिवळी पट्टी. तुमचा ब्राउझर जुना झाला, नवीन घ्या. अरे, मी पण जुना झालो. मला कोण बदलतंय?

तस्नीमला फोन लावला. लेकीची लेक, कॉलेजला आहे, तिला यातलं कळतं. म्हणाली, "नाना, आहे तो अपडेट करा नाय तर दुसरा टाका. एक दिवस तुमची बोटीची साईट बंद पडेल, मग नानी तुम्हाला जेवण देणार नाय." लावालावी करते.

चार वाजता हफीजाला बोट दाखवली. रोजचं आहे ते. पोरगा अद्नान जहाजावर चढला त्याला पाच महिने झाले, तेव्हापासून एक दिवस चुकला नाही. ती चहा घेऊन येते, खुर्ची ओढते, मी नकाशा उघडतो. पोराचं जहाज फुजैराला नांगर टाकून उभं आहे. नकाशा जवळ घेतला की होडीसारखं हिरवं चित्र दिसतं, एक टोक निमुळतं. हिचा सवाल एकच — "तोंड कुणीकडं?"

म्हटलं, उत्तरेला.

"बरी हाय मग."

तोंडावरून काय कळतं हिला? पण विचारत बसलो तर चहा गार होतो.

९ जानेवारी, मंगळवार

गोखले नाक्यावर निलेशच्या दुकानात गेलो. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, लॅमिनेशन. माझा कॉम्प्युटरही त्यानेच बसवलेला. म्हणाला, "चाचा, दोन रस्ते. आहे तोच ब्राउझर अपडेट करायचा तर आधी विंडोज बदलावं लागेल, आणि तुमच्या मशीनला ते झेपेल असं मला वाटत नाही. नायतर दुसरा टाका, तो कोल्ह्याच्या चित्राचा. जुन्या मशीनवर अजून चालतो."

"आणि काहीच नाही केलं तर?"

"तर दिसेल, पण जुनंच दिसेल. नकाशा हलायचा बंद होईल."

मी तीस वर्षं जहाजावर तेलवाला होतो. इंजिनरूममध्ये. चालतं इंजिन उगाच खोलू नये, हे मला शिकवायला नको. पण घरी येऊन बघितलं तर नकाशाखाली तारीख कालचीच. निलेश बोलला ते झालंच होतं. म्हणजे इंजिन चालत नव्हतंच.

ठरवलं. कोल्हा टाकायचा. गुरुवारी निलेश घरी येतो म्हणाला.

१० जानेवारी, बुधवार

दुपारी अद्नानचा फोन. हफीजा दारात बांगडे घेत होती.

"अब्बा, एकटे आहात?"

हे ऐकूनच समजलो.

उद्या निघतायत. तांबड्या समुद्रातून, सुएझला. तिकडे जहाजांवर मारा चाललाय, रोज बातम्यांत दाखवतात. आफ्रिकेला वळसा घालून जायचं ठरलं होतं, आता मालक म्हणतो लांबचा रस्ता नको. मी विचारलं, नाही म्हणता येत नव्हतं? "येत होतं अब्बा. जायचं की उतरायचं, कागद दिला होता. पण मी थर्ड इंजिनीयर, मीच उतरतो म्हटलं तर खालची पोरं काय करतील? सही केली."

मीही केली असती.

मग म्हणाला, "अम्मीला सांगू नका. प्रेशर आहे तिचं. फुजैरालाच आहे म्हणा, नेट नाही म्हणा. त्या भागात आमचा सिग्नलही बंद ठेवणार आहेत, दिसणार नाही मी नकाशावर. घाबरू नका."

हफीजा आत आली. कोणाचा फोन? म्हटलं, अद्नान. तिथंच आहेत, आता थोडे दिवस नेट नाही. पोरगा बरा आहे.

"बरं," म्हणाली आणि बांगडे धुवायला गेली.

११ जानेवारी, गुरुवार

निलेशला सांगितलं, येऊ नकोस. ब्राउझर नाही बदलायचा.

जुन्यात बोट फुजैराला आहे. आठ तारखेपासून तिथंच. खोटं मी बोलत नाही, मशीन बोलतं. मी फक्त समोर बसतो.

१३ जानेवारी, शनिवार

आठ तारखेची पिवळी पट्टी वर तशीच. इंग्रजीत आहे, हफीजाला वाचता येत नाही, पण पिवळं दिसतं ना. कॅलेंडरच्या कागदाची पट्टी कापून स्क्रीनला चिकटवली. खालच्या तारखेवर दुसरी. विचारलं तर सांगायचं, डोळ्यांवर उजेड येतो. तिने विचारलंच नाही.

मशीन आता बंद करत नाही. फक्त पडदा बंद. पान एकदा मिटलं की परत उघडायचं नाही. "रात्रभर चालू?" म्हणाली. म्हटलं, बंद-चालू करून मशीन खराब होतं. इंजिनवाल्याचं कोण खोडून काढणार.

टीव्हीवर बातम्या लावायच्या बंद केल्या. आवाजाने डोकं दुखतं म्हणालो.

एक आठवलं. सत्त्याऐंशी साली आमचा टँकर कुवेतला जात होता. तेव्हाही आखातात जहाजं पेटत होती. मी हिला लिहिलं, दुबईला ड्रायडॉकमध्ये आहोत, दुरुस्तीचं काम चाललंय, काळजी नको. दोन ओळी. पोस्टात टाकलं आणि सुटलो. पत्राला तोंड नसतं. आता रोज चार वाजता बाजूला बसून बोलायचं म्हणजे — वेगळं आहे.

१५ जानेवारी, सोमवार

पाव आणायच्या निमित्ताने सकाळी निलेशकडे. त्याच्या मशीनवर साईट चालते. अद्नानचं जहाज अरबी समुद्र सोडून एडनच्या आखाताकडे. बारा नॉटने. बरं पळतंय.

निलेशला सगळं सांगावं लागलं. नाहीतर विचारत बसला असता, घरी मशीन असताना इथं का येता. ऐकून त्याने स्टूल माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाला, "चाचा, सकाळी आठला येत जा. तेव्हा गिऱ्हाईक नसतं."

घरी चार वाजता बोट फुजैराला. "तोंड कुणीकडं?" उत्तरेला. "बरी हाय मग."

१७ जानेवारी, बुधवार

निलेशकडे बघितलं. चित्र राखाडी झालेलं. 'शेवटचा सिग्नल — १४ तासांपूर्वी.'

पाव आणायचा राहिला. हफीजाने तांदळाची भाकरी केली.

१८ जानेवारी, गुरुवार

आज मेलोच होतो.

चारला पाच कमी. लाईट गेली. यूपीएस टूक टूक करायला लागला. तो दहा मिनिटं चालतो, नवा होता तेव्हा. मशीन बंद पडलं की पान गेलं, पान गेलं की फुजैरा गेलं. मी यूपीएससमोर उकिडवा बसून राहिलो, जसा काय हाताने दाबून धरणार होतो. घाम. हफीजा चहा घेऊन दारात. "गेली तर गेली. उद्या बघू की."

"उद्या कशाला? आजच बघायची!" ओरडलो तिच्यावर.

ती आत आली, पंख्याचं बटण बंद केलं. तेवढीच बचत, म्हणे. यूपीएसवर पंखा चालतच नाही. दोघं बसून टूक टूक ऐकत होतो. आठ मिनिटांनी लाईट आली.

बोट दाखवली. चहा गारच प्यालो.

निलेशकडचा सिग्नल अजून नाही.

दुपारी ही जेवली नव्हती. सोमवारीही नव्हती. म्हणते पित्त झालंय. सोडा आणून दिला तर संध्याकाळी घेते म्हणाली. मगरिबची बांग झाली, बघतो तर सोड्याआधी खजूर तोंडात. पित्तावर खजूर! डॉक्टर झाली आहे.

१९ जानेवारी, शुक्रवार

सिग्नल नाही.

जुम्म्याला गेलो. मी नमाज झाली की चप्पल शोधणारा माणूस. आज सगळे गेले तरी बसून होतो. बांग देणारा बांगी म्हणाला, मुसाभाई, गुडघा धरला काय? म्हटलं, हो, धरला.

२० जानेवारी, शनिवार

तस्नीम आली, पेनड्राइव्ह घेऊन. "नाना, कोल्हा आणलाय. दहा मिनिटांचं काम." माझ्या आधी खुर्चीत. कागदाच्या पट्ट्या बघून हसायला लागली. "हे काय चिकटवलंय, पट्टी बांधलीय कॉम्प्युटरला?"

म्हटलं, ऊठ.

"अहो, पण यात व्हायरस येतील. आणि ही बोट बघा, हलतच —"

"ऊठ म्हटलं ना!"

पोरगी एवढीशी झाली. मी तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. ती जन्मली तेव्हा मी पोर्ट सईदहून तिला सोन्याचे डूल आणले होते, ते अजून कानात आहेत तिच्या. डोळ्यात पाणी आलं तिच्या आणि मी खिडकीबाहेर बघत उभा. मूर्ख.

हफीजा आतून आली. तिच्या पाठीवर हात ठेवला. "राहू दे गो. तुझ्या नानाला हल्ली जुनंच बरं वाटतं. चल, तुला घावणे देते."

आतून दोघींचं कुजबुजणं ऐकू येत होतं. मला शिव्या देत असतील. द्या.

२१ जानेवारी, रविवार

निलेशचं दुकान रविवारी बंद असतं. उगाच गेलो. तर शटर अर्धं वर. आत स्टुलावर बसलेला, मशीन चालू.

"या चाचा. मला पण चैन पडेना."

सिग्नल नाही. पाच दिवस. त्याने थर्मासमधला चहा दिला. येताना म्हणाला, "बंद ठेवलाय तो सिग्नल, त्यांनी मुद्दाम. तुम्हीच सांगितलंत ना." मी इंजिनवाला असून तो मला समजावतोय.

चार वाजता, तोंड कुणीकडं? उत्तरेला. माझा आवाज फाटला. खोकल्यासारखं केलं. हफीजाने माझ्या हातातली बशी काढून घेतली. सांडत होती म्हणाली.

२२ जानेवारी, सोमवार

नाही.

उद्या हिला सांगणार. आता माझ्याच्याने होत नाही.

२३ जानेवारी, मंगळवार

आला!

सुएझच्या तोंडाशी. हिरवा. 'शेवटचा सिग्नल — ६ मिनिटांपूर्वी.' निलेश टेबलावर हात आपटून उठला, झेरॉक्सचे कागद सगळे खाली. ते गोळा करायला मी वाकलो आणि वाकलेलाच राहिलो थोडा वेळ. त्याने बघितलं नाही. शहाणा आहे.

पाव आणला. डझनभर. हफीजा म्हणाली, एवढे कोण खाणार?

२४ जानेवारी, बुधवार

अद्नानचा फोन. स्पीकरवर लावला, लपवायला काही राहिलं नाही. "अम्मी, नेट आलं." हिने विचारलं, जेवलास काय? तो म्हणाला, हो. "काय जेवलास?" बिर्याणी. "खोटं बोलू नको, आवाजावरून कळतं." तो हसला. ही पण हसली. मी हसलो नाही.

२५ जानेवारी, गुरुवार

तस्नीमला मीच बोलावलं. माफी कशी मागतात मला जमत नाही. म्हटलं, तुझा तो कोल्हा आण. आली. पट्ट्या काढल्या, डिंकाचे डाग राहिले. दहा मिनिटांचं काम, खरंच दहाच मिनिटं. जुन्यातल्या खुणा, पासवर्ड, सगळं आपोआप नव्यात. तस्नीम म्हणाली, बघा, काहीच हरवलं नाही.

चार वाजता हफीजाला बोट दाखवली. सुएझचा कालवा ओलांडून पलीकडे, नांगरावर. मी तयारी केलेली — मशीन जुनं होतं, मधले दिवस दाखवलेच नाहीत बघ, कशी उडी मारली बोटीने. ती म्हणाली, "असं होय."

झालं. उगाच डोक्याला ताप करून घेतला पंधरा दिवस.

२६ जानेवारी, शुक्रवार

चार वाजता हफीजा माझ्या आधी खुर्चीत. माऊस तिच्या हातात. म्हणाली, "काल तोंड वर होतं. आज खाली. फिरली."

म्हटलं, मग?

"मग काय. नांगरावरची होडी भरतीला एकीकडं बघते, सुकतीला दुसरीकडं. जयगडच्या खाडीवर वाढले मी. तुम्ही तीस वर्षं खाली तेलात, तुम्हाला काय दिसणार? ती तुमची फुजैराची बोट सतरा दिवस उत्तरेलाच बघत होती."

विचारलं, मग रोज बसायचीस कशाला?

"तुम्ही एकटे बसला असतात."

पित्त नव्हतं. रोजे होते, पोराच्या नावाने. आणि कुवेतचं ते पत्रही कळलं होतं म्हणाली — ड्रायडॉकमधून तुम्ही चार-चार पानं लिहायचात.

आज दुपारी जेवली. दोन बांगडे.