साक्षीदारांना काहीच मिळणार नाही

मी, सिरिल मॅडिसन, वय एकोणऐंशी, धंदा पूर्वी टीव्हीदुरुस्ती, हल्ली परसात भाजी लावणे, राहणार ग्रिम्सबी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाला बळी न पडता लिहीत आहे. माझी अक्कल ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. सध्या या देशात असा दाखला जवळ बाळगणारा मी बहुधा एकटाच असेन. पार्लमेंटात बसलेल्यांपैकी कोणाला नमुना म्हणून हवा असल्यास नक्कल देण्यास माझी हरकत नाही.

यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. या कागदावर मी खरे तर २९ मार्चलाच सही करणार होतो. त्या दिवशी देश युरोपातून बाहेर पडणार, विषय संपणार आणि मला शांतपणे मरणाचा विचार करता येणार, असा माझा हिशेब होता. मग १२ एप्रिल झाली, मग ३१ ऑक्टोबर, आणि आता तिचीही गत तीच दिसते. सरकारी तारखेवर विसंबून मरायचे ठरवले, तर मी दीडशे वर्षे जगेन. म्हणून मी सरकारपासून वेगळे होऊन माझी तारीख स्वतः ठरवली आहे.

कलम १. राहते घर, बँकेतली शिल्लक आणि परसातली झोपडी हे सर्व माझी नातवंडे कीली (रसेलची मुलगी) आणि टोबी (लोर्नाचा मुलगा) यांना समसमान द्यावे.

कलम २. माझा मुलगा रसेल आणि माझी मुलगी लोर्ना यांना मी काहीही देत नाही. रागावण्याआधी दोघांनी हा कागद शेवटपर्यंत वाचावा. आमचे वकील श्री. हॅलम यांनीही कच्चा मसुदा तपासताना इथे पेन खाली ठेवले होते.

"सिरिल, पोटच्या मुलांना काहीच नाही?"

"काहीच नाही."

"अहो, ते कोर्टात जातील!"

"एकत्र जातील ना? मग जाऊ द्या की."

कलम ३. माझा टीव्ही शेजारच्या श्रीमती आयव्ही ट्रँटर यांना द्यावा, आणि तो बंद अवस्थेत द्यावा. आयव्हीबाईंचे माझ्यावर उपकार आहेत. गेल्या हिवाळ्यात त्यांनी मला घरी बोलावून घेतले.

"सिरिल, बघ रे, सेट बिघडलाय माझा. रोज कालचंच दाखवतो."

मी मागचे झाकण उघडले, सगळे तपासले, पुन्हा लावले. पडद्यावर तोच वार्ताहर, त्याच पार्लमेंटासमोर, त्याच पावसात छत्री धरून सांगत होता की आज काही घडलेले नाही, पण उद्या घडू शकेल. त्याच्यामागे तोच माणूस तोच झेंडा हलवत ओरडत होता. पडद्याच्या कोपऱ्यात, बाहेर पडायला किती दिवस उरले ते मोजणारे, उलटे चालणारे घड्याळ होते.

"बाई, सेट ठणठणीत आहे. देश अडकलाय."

"मग तो दुरुस्त कर ना! चाळीस वर्षं कसला धंदा केलास?"

मी फक्त सेटच दुरुस्त करीत असे, हे मी त्यांना नीट समजावू शकलो नाही. त्याची भरपाई म्हणून हे कलम.

कलम ४. दारावरची घंटा काढून आमच्या खासदारांना द्यावी. निवडणुकीत ती त्यांनी अनेकदा दाबली. मी दारापर्यंत पोचेतो ते कोपऱ्यावर पोचलेले असत. आता त्यांनी ती घरी बसून हवी तेवढी वाजवावी.

कलम ५. माझी हत्यारे, तारांना डाख देण्याचे सोल्डरिंग आयर्न आणि मीटर टोबीला. तो वस्तू उघडतो आणि पुन्हा लावता येत नाही म्हणून रडतो. रडतो, म्हणजे त्याच्याकडून आशा आहे. वस्तू उघडून ठेवून मुलाखती देत फिरणारे पुष्कळ आहेत.

कलम ६. २०१६च्या मतदानात, युरोपात राहायचे की निघायचे यावर, मी कोणत्या बाजूने मत दिले, हे रसेलने विचारले, लोर्नाने विचारले, आयव्हीबाई तर कुंपणावरून रोज विचारतात. रसेलला वाटते मी लोर्नाच्या बाजूने दिले. लोर्नाला वाटते मी रसेलच्या बाजूने. माझे मत माझ्याबरोबर जाईल. बॅलट गुप्त असते आणि बाप त्याहून गुप्त असावा.

कलम ७. अंत्यविधी एकदाच करावा, ठरल्या दिवशी करावा, त्याला मुदतवाढ मागू नये. नंतरच्या चहाला हॅमचे सँडविच असावेत आणि ते कोरडे नसावेत. त्या वेळी जो कोणी ब्रेक्झिट हा शब्द उच्चारील, त्याने समुद्रात बुडत्यांना वाचवणाऱ्या बोटीसाठीच्या देणगीच्या डब्यात एक पौंड टाकावा. आमची गल्ली पाहता त्या लोकांना नवी बोट घेता येईल.

कलम ८. जेवणाचे टेबल. हे कलम मी चार वेळा लिहिले आणि फाडले.

हे ओकचे टेबल बेरिलने, माझ्या बायकोने, लग्नानंतर घेतले. दोन्हीकडून ओढले की मधे जागा होते आणि तिथे एक फळी बसते. फळीशिवाय चौघे जेवतात, फळीसह आठ. दर रविवारी फळी लागत असे. २०१६च्या नाताळानंतर ती कपाटामागे उभी आहे.

त्या डिसेंबरात टीव्हीवाले ग्रिम्सबीच्या गोदीवर आले होते. सामान्य माणूस हवा असला की ते आमच्याकडे येतात. आमच्याकडे त्याचा साठा आहे असा त्यांचा समज आहे. रसेल मासे साफ करण्याच्या कारखान्यात मुकादम. त्याला त्यांनी धरले. तो थंडीत बराच वेळ बोलला. आजोबा कोणत्या बोटीवर होते, ती भंगारात कशी गेली, आपली काळजी कशाची आहे आणि आपल्याला खात्री कशाची नाही, हे सगळे त्याने सांगितले. दाखवले चार शब्द: "बास झालं, निघा आता!" वर एक समुद्रपक्षी ओरडताना दाखवला. मग स्टुडिओतल्या तिघांनी त्या चार शब्दांवरून सामान्य माणसाचा राग समजावून सांगितला. सामान्य माणूस तेव्हा आमच्या सोफ्यावर बसून चिप्स खात होता. त्याला कोणी विचारले नाही.

लोर्ना लीड्सला कॉलेजात शिकवते. नाताळच्या जेवणाला ती म्हणाली, "टीव्हीवर तोंड उघडण्याआधी थोडं वाचत जा रे. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी बघितलं. लाज वाटली मला."

"मग सांगायचं होतंस, हा माझा भाऊच नाही म्हणून!"

"सांगावंसं वाटलं होतं, खरंच!"

रसेल उठला. पुडिंग तसेच राहिले. दुसऱ्या वर्षी बेरिल गेली, तेव्हा चर्चमध्ये एक जण डावीकडे बसला, एक उजवीकडे. बातम्यांत याला दोन्ही बाजू म्हणतात. मी मधे शवपेटीशेजारी एकटा उभा होतो. मला या देशाने पुष्कळ हसवले आहे, पण त्या दिवशीचे मी त्याला माफ केलेले नाही.

त्यानंतर मी वाढदिवस करून पाहिले, आजारी पडून पाहिले. एक आला की दुसरा येत नाही. आधी फोन करून विचारतात, "ती आहे का? तो आहे का?" मग श्री. हॅलम यांनी मला कायदा सांगितला. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. दोघांनी एकाच वेळी, एकाच खोलीत हजर राहून मला सही करताना पाहावे लागते. आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते, त्याने साक्षीदार होऊ नये. झाला तर त्याचे मिळायचे ते बुडते.

रसेल, लोर्ना, तुम्हाला काही का दिले नाही, ते आता कळले असेल.

टेबल कीली आणि टोबी यांना मिळून द्यावे, फळी बसवलेल्या अवस्थेत.

कलम ९. हे कलम मी टेबलाशी बसून, साक्षीदारांसमोर लिहीत आहे. दोघांना मी वेगवेगळा फोन करून बारा वाजता बोलावले. दुसरे कोण येणार ते सांगितले नाही. आज हिवाळ्यासाठी देशभर घड्याळे एक तास मागे घ्यायची होती. रसेलने त्याच्या स्वयंपाकघरातले घेतले नाही, म्हणून तो अकरालाच आला. मी कपाटामागून फळी ओढत होतो. त्याने ती माझ्या हातातून घेतली आणि बसवली.

"फळी कशाला, बाबा? आपण दोघंच ना?"

"बीफचा तुकडा मोठा आहे," मी म्हणालो.

बाराला लोर्ना आली. दारातच थबकली.

"तुम्ही मला फसवलंत, बाबा."

"हो."

रसेल कोट घेऊन उठला. मी म्हणालो, "कायदेशीर काम आहे. दोन मिनिटं लागतील. सही बघा आणि जा." तो कोट मांडीवर घेऊन बसला. ती पर्स मांडीवर घेऊन बसली. मी मुद्दाम सावकाश लिहू लागलो. मग रसेलने चहा केला.

"दूध आधी घातलंस?" लोर्ना म्हणाली.

"मग कधी घालायचं असतं?"

"चहा ओतल्यावर! आई नेहमी नंतर घालायची."

"आई आधी घालायची. तू घरी कधी होतीस बघायला?"

"बाबा, सांगा याला!"

"सांगा हिला, बाबा!"

आवाज चढला आहे. दोघेही लाल झाले आहेत. या घरात जवळजवळ तीन वर्षांनी दोन माणसे एका टेबलाशी बसून दुसऱ्या एखाद्या विषयावर भांडत आहेत. बेरिल दूध कधी घालत असे, ते मला पक्के ठाऊक आहे. मी सांगणार नाही.

"किती लिहिताय, बाबा? सही करा ना," लोर्ना आत्ता म्हणाली.

मी थोडी मुदतवाढ मागितली. रसेलने ओव्हनमध्ये डोकावून सांगितले की मांस वाळायला लागले आहे, सही काही पळून जात नाही, आधी जेवून घेऊ. लोर्ना म्हणाली की ग्रेव्ही तरी मी करते, तुझ्या ग्रेव्हीत गाठी होतात. त्याने कोट खुंटीला लावला.

मुदतवाढ मंजूर झाली आहे.

(सही) सिरिल मॅडिसन

आम्ही दोघांनी एकाच खोलीत, एकाच टेबलाशी, एकाच वेळी हजर राहून श्री. सिरिल मॅडिसन यांना वरील सही करताना पाहिले. आम्हाला या कागदातून काहीही मिळालेले नाही, हे आम्हाला वाचून दाखवले आहे.

साक्षीदार १: (सही) रसेल मॅडिसन, ग्रिम्सबी
साक्षीदार २: (सही) लोर्ना मॅडिसन, लीड्स

ठिकाण: ग्रिम्सबी, जेवणाची खोली
तारीख: २७ ऑक्टोबर २०१९, रविवार, पुडिंग संपल्यावर, अंधार पडताना