बारावी आणि तेरावी पाटी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पितळी पाट्या कोरण्याचा, राहणार दुकानामागच्याच खोलीत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. फुप्फुसं नाहीत, पन्नास वर्षं तेजाबाची वाफ खाल्ल्यावर ती तरी काय करणार? डॉक्टर आता महिन्यांऐवजी आठवड्यांत बोलतात. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. वकीलबाईंनी छापील नमुना दिला होता, पण त्यात माझ्या घरच्या माणसासाठी रकानाच सापडेना, म्हणून कोरा कागद घेतला.

१. माझी सर्व हत्यारं, म्हणजे छिन्न्या, हातोड्या, भिंग आणि अक्षरांचे साचे, माझ्याकडे शिकलेल्या शिक्केवालीला द्यावीत. आता तिचं स्वतःचं दुकान आहे. साच्यांतला ‘ळ’ मोडका आहे, तो तिने हाताने कोरावा. माझ्यानंतर घाईघाईत कोरलं तर मी बघायला नसेन, एवढंच तिचं सुख.

२. दुकान भाड्याचं आहे, त्याची किल्ली मालकाला द्यावी. शेजारच्या चष्मेवाल्याने अकरा वर्षांपूर्वी माझ्या नाकावर टिच्चून प्लास्टिकची पाटी लावली. तो या कागदाला साक्षीदार असल्यामुळे त्याला काही देता येत नाही, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र माझ्या आजारपणात रोज सकाळी चहा त्यानेच आणून दिला, हेही इथे लिहून ठेवतो.

३. आईचा फोटो बहिणीला द्यावा. आई गेल्यापासून तिने माझ्या दारात पाऊल ठेवलेलं नाही. फोटो पोस्टाने पाठवावा, म्हणजे तिला यावं लागणार नाही.

४. आता मुख्य गोष्ट. आमच्या शहरात समलिंगी आणि पारलिंगी लोकांची एक संस्था आहे. छापखान्याच्या वरच्या मजल्यावर तिची खोली आहे, जिना अरुंद, पंखा एकच. तिथल्या लाकडी फळ्यावर दरवर्षी एक पितळी पाटी लागते. आमच्यासारख्यांसाठी ज्यांनी काही केलं, त्यांचा तो सन्मान. घरातून हाकललेल्या मुलींना आपल्या इमारतीत खोल्या देणारी घरमालकीण आहे, दिवसभर फोनपाशी बसून अनोळखी माणसांचं रडणं ऐकणाऱ्या बायकांचा गट आहे, माप घेताना कोणालाही प्रश्न न विचारणारा शिंपी आहे. सगळ्या पाट्या माझ्या हातच्या आहेत.

तिसऱ्या वर्षी एका डॉक्टरचं नाव त्याला न विचारता लावलं गेलं. कोणीतरी पाहिलं, बभ्रा झाला आणि त्याला दवाखाना बंद करून गाव सोडावं लागलं. तेव्हा मीच सभेत उभा राहिलो आणि म्हणालो, ‘‘यापुढे ज्याचं त्याने स्वतःच्या हाताने सही केल्याशिवाय कोणाचंही नाव लागणार नाही. दुसऱ्या कोणाची साक्ष चालणार नाही.’’ टाळ्या पडल्या. नियम झाला. म्हणून आमच्या फळ्यावर अर्ध्या पाट्यांवर नाव नाही, फक्त काम आहे.

५. बारावी पाटी माझ्या जोडीदाराची. तो सरकारी इस्पितळात परिचारक होता. ज्या वर्षांत आमच्यातली माणसं त्या एका आजाराने पटापट जात होती आणि त्यांच्या खाटेजवळ घरचे फिरकत नव्हते, तेव्हा त्याने त्यांना अंघोळ घातली, भरवलं, डोळे मिटले. आम्ही एकतीस वर्षं एका घरात राहिलो.

त्याच्या पाटीवर ‘एक परिचारक’ एवढंच आहे. सर्वांना वाटतं, त्यालाच नाव नको होतं. हे खरं नाही. त्याने पूर्ण नावाच्या संमतीपत्रावर सही करून ते माझ्या हातात दिलं होतं. म्हणाला, ‘‘मस्त मोठ्या अक्षरात काढ. कंजूषपणा करू नकोस.’’ मी ते फाडलं. तेव्हा आई आमच्याकडेच राहत होती. त्याचं नाव भिंतीवर लागलं की लोक शेजारी माझं वाचणार, ही धास्ती. संस्थेत जाऊन सांगितलं, त्याला नाव नको आहे.

सोहळ्याच्या दिवशी कापड बाजूला झालं. त्याने पाटी वाचली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर कपडे बदलता बदलता म्हणाला, ‘‘आई आहेत तोवर असू दे. नंतर बदलशील ना?’’

मी हो म्हणालो. आई तीन वर्षांनी गेली. पुढच्या वर्षी बदलू, पुढच्या वर्षी बदलू, असं करत मी नऊ वर्षं घालवली. मग तो विसरायला लागला. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग मी. आता त्याला सही करायला सांगून उपयोग नाही आणि माझ्या साक्षीला किंमत नाही. नियम माझाच. संस्थेच्या सेक्रेटरीला मी हे सांगितलं तर ती रडेल आणि नियम मोडेल. तिने तो मोडू नये. तो डॉक्टर मी विसरलेलो नाही.

६. घर त्याच्या नावावर होतं, ते पुतण्याने ताब्यात घेतलं आणि त्याला शुश्रूषागृहात ठेवलं. पुतण्या वाईट नाही. वेळेवर औषधं आणतो. पण ‘‘काकांचं लग्न राहून गेलं हो,’’ असं तो सगळ्यांना सांगतो आणि मी तिथे मान डोलावतो. दर गुरुवारी तीन ते चार मला आत सोडतात, कारण वहीत ‘नातं’ या रकान्यात मी ‘मित्र’ लिहितो. खरं लिहिलं तर पुतण्या दार बंद करेल. तसं त्याने एकदा हसत हसत बोलूनही दाखवलंय.

माझ्यानंतर गुरुवारी कोण जाणार? या एका काळजीने मला झोप नाही. फोनवरच्या गटातल्या थोरल्या ताईला मी हे गुरुवार देत आहे. तिने माझी बहीण म्हणून जावं. त्याची नखं कापावीत, तो शिव्या देईल, लक्ष देऊ नये. ज्याला काही मिळतं तो साक्षीदार चालत नाही, पण गुरुवार ही मिळकत नाही, असं वकीलबाई म्हणाल्या. म्हणून ताईची सही खाली आहे.

७. तेरावी पाटी संस्थेने मला दिली. तिच्यावर मी ‘एक कारागीर’ कोरलं होतं. आता नवी कोरली आहे, ती वरच्या खणात आहे. तिच्यावर माझं पूर्ण नाव आहे आणि खाली ‘बाराव्या पाटीवरच्या परिचारकाचा जोडीदार’. माझ्या नावाला माझी ही सही पुरे. हात कापत असल्यामुळे शेवटची ओळ तिरकी गेली आहे, शिक्केवालीने ती सुधारू नये. मात्र तोही गेल्यानंतरच ही पाटी लावावी. आधी लावली आणि पुतण्याच्या कानावर गेलं, तर ताईचे गुरुवार बंद होतील. मला त्याचं नाव लावता येत नाही आणि माझं लावण्यासाठीही त्याच्या मरणाची वाट पाहायला सांगावं लागतं. याहून चांगलं मला काही सुचलं नाही.

८. सोबत एक कागद जोडला आहे. गेल्या गुरुवारी राहवलं नाही म्हणून मी कोरं संमतीपत्र घेऊन गेलो होतो. त्याने ते रुग्णाचा तक्ता वाचावा तसं वरपासून खालपर्यंत वाचलं. मला म्हणाला, ‘‘तुम्ही पाटीवाले ना? आमच्या घरीही एक आहे.’’ मग पेन मागितलं आणि सहीच्या जागी, एकही मात्रा न चुकता, पूर्ण नाव लिहिलं.

नाव माझं होतं.

तिथली बाई कौतुकाने म्हणाली, ‘‘अरे वा, आजोबांना आपलं नाव आठवलं!’’ मी हो म्हणालो.

या कागदाने बारावी पाटी बदलत नाही, हे मला कळतं. तो माझ्यासोबत जाळू किंवा पुरू नये. संस्थेने तो जपून ठेवावा.

इथे थांबतो. अडीच वाजलेत, तीनला दार उघडेल. आजही वहीत ‘मित्र’ असंच लिहीन.

सही: (पूर्ण नाव, जोडलेल्या कागदावर आहे तेच)

आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत सही झाली:
साक्षीदार पहिली: फोनवरची ताई
साक्षीदार दुसरा: शेजारचा चष्मेवाला

ठिकाण: दुकानामागची खोली
दिनांक: बारा सप्टेंबर, गुरुवार