कोहमाऱ्याचा तह

प्रिय मामाजी,

सप्रेम जयभीम.

तुम्हाला जाऊन तीन वर्षं झाली आणि मी आज लिहायला बसले. बाईला नेहमीसारखं उशिरा सुचलं, असंच तुम्ही म्हणाल ना? कारण सांगते. काल प्रज्ञानं, तुमच्या नातीनं, कपाटावरची नकाशाची गुंडाळी खाली ओढली. सुट्ट्या लागल्यात, टीव्ही बिघडलाय आणि पोरगी आता दहा वर्षांची झाली. "आई, आजोबांचा हा खेळ कसा खेळतात?" असं तिनं विचारलं. आणि लगेच दुसरं, "शेवटचा डाव कोण जिंकलं?"

मी जिंकले होते, मामाजी. आणि त्या डावानंतर आपण दोघं पुन्हा एकमेकांसमोर बसलो नाही. त्या दिवशी तुम्ही मला जे बोललात ते मनात धरूनच गेलात का, हा प्रश्न मी तीन वर्षं कुणालाच विचारू शकले नाही. काल गुंडाळी उघडली तेव्हा उत्तर मिळालं. ते सांगतेच, पण आधी मला तुमच्याशी थोडं भांडू द्या.

लग्न होऊन मी फुलचूरच्या घरी आले, तेव्हा पहिला आठवडाभर डोक्यावरचा पदर खाली आला नव्हता. सासऱ्याच्या समोर सुनेनं बसायचं नाही, हे आईनं दहादा बजावून पाठवलेलं. आणि तुम्ही काय केलंत? सतरंजीवर नकाशा पसरला आणि हाक मारली, "मंदाबाई, इकडं ये. दोघांत मजा नाई येत, तिसरा मानूस पायजे." आत्याबाई सासूच्या तोऱ्यात तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "सून सासऱ्याच्या बराबर बसन काय आता?" तुम्ही मान वर न करता उत्तर दिलं, "उभ्यानं खेळता येत असन तं उभी राहू दे!"

मी बसले. या घरात मला पहिली जागा मिळाली ती त्या सतरंजीवर.

खेळ मूळचा तुमचा नव्हताच. तुम्ही मोजणी खात्यातून निवृत्त झालात आणि घरात येरझारा घालू लागलात, म्हणून ह्यांनी नागपूरहून जगाच्या नकाशाचा एक खेळ आणला होता. इंग्रजी पुस्तिका, फासे, प्लास्टिकचे सैनिक, पत्ते. तुम्ही दोन दिवस तो न्याहाळला आणि म्हणालात, "हे गावं कोनं पायले? लढाईच करायची तं आपल्या गावात करू." मग मोजणीच्या जुन्या नकाशाच्या पाठकोऱ्या बाजूवर तुम्ही आपला जिल्हा काढलात. भंडाऱ्यातून तो नुकताच वेगळा झालेला, त्याचं तुम्हाला भारी कौतुक! आठही तालुके, गावं, रस्ते, सगळं टाकानं रेखलेलं. खेळाचं नाव ठेवलंत 'धुरा'. शेताच्या बांधावरून जन्मभर लोकांची भांडणं पाहिलेल्या माणसाला दुसरं नाव सुचणार तरी कसं?

तुमचे सैनिक म्हणजे गुंजा, माझे लाखोळीचे दाणे, ह्यांचे तुरीचे. फासे टाकून दुसऱ्याचं गाव घेतलं की एक पान मिळायचं. पानावर धान, मोह नाहीतर मासा. सारखी तीन पानं जमली की जुडी झाली, आणि जुडी टाकली की नवे सैनिक. पानं तुम्ही जुन्या लग्नपत्रिका कापून केली होती, त्यात माझ्या लग्नाची उरलेलीही कापलीत. त्या पानांच्या पाठीवर 'मंगल परिणय' ह्या अक्षरांचे तुकडे राहिले होते. आज कबूल करते, 'परि' उरलेलं पान माशाचं आहे हे मी पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं. तुम्हालाही माहीत होतं ना? खरं सांगा!

हे तर पहिल्या अर्ध्या तासात बाद होऊन चहा ठेवायला जायचे. मग खरी लढाई आपली. "धुरा एकदम तोडायचा नाई, कोरत जायचा," हे तुम्हीच मला शिकवलंत. खात्यात असताना हात जोडून लोकांना धुरा कोरू नका म्हणून सांगायचात आणि सतरंजीवर माझी गावं एकेका दाण्यानं खायचात. मी चिडले की खूश व्हायचात. "बोलून टाक वं, कायले मनात ठेवतं?" असं मला माझ्या वडिलांनीही कधी म्हटलं नव्हतं.

आठ वर्षं आपण खेळलो. प्रज्ञा पोटात असताना मी लोडाला टेकून खेळले. आत्याबाईंनी टोचून बोलणं सोडलं आणि मग त्यासुद्धा कोण जिंकतंय ते विचारू लागल्या.

आणि मग तो कोहमारा.

चार बाजूंचे रस्ते तिथं मिळतात, म्हणून कोहमारा ज्याच्या हाती त्याचा जिल्हा, हे आपल्या दोघांनाही पाठ होतं. त्या दिवशी डाव असा अडला की दोघंही तिथं माणसं ओतून थकलो. तेव्हा तुम्हीच म्हणालात, "तह करू. कोहमारा मोकळा. ना तुहा, ना माहा." मी हो म्हटलं. पाच फेऱ्या आपण दोघांनी तो पाळला. सहाव्या फेरीत माझ्या हातात तिसरा मासा आला.

मी जुडी टाकली. नवे दाणे घेतले आणि सगळेच्या सगळे कोहमाऱ्यात ठेवले.

तुम्ही कोहमाऱ्यावर बोट ठेवलंत. "तह होता ना वं?"

"होता मामाजी. पण खेळ आहे."

दोन फेऱ्यांत तुमच्या गुंजा संपल्या. मी हसत होते. तुम्हीच शिकवलेलं तुमच्यावर चालवलं, आता तुम्ही मांडीवर थाप मारून शाबासकी द्याल असं मला वाटत होतं. आणि तुम्ही म्हणालात, "किती बी करा, भायेरची ते भायेरचीच."

मामाजी, हरलेला माणूस काहीही बोलतो हे मला कळत नव्हतं असं नाही. 'लबाड' म्हटलं असतंत तर मी मिरवलं असतं. पण भायेरची? ज्या माणसानं मला बरोबरीनं बसवलं त्यानंच उठवावं? मी दाणे डब्यात भरले आणि स्वयंपाकघरात गेले. कणीक भिजवता भिजवता रडले. ती इतकी सैल झाली की त्या दिवशी पोळ्यांची धिरडी करावी लागली.

त्या हिवाळ्यात तुम्ही मला तीनदा विचारलंत. "बसतं काय वं?" एवढंच. पहिल्यांदा मी म्हटलं, काम आहे, आणि काम होतं. दुसऱ्यांदा काम नव्हतं. तिसऱ्यांदा मी भरलेली कळशी ओतून पुन्हा भरायला घेतली. तुम्ही मग एकटेच नकाशा मांडून बसायचात. मी दारातून पाहिलंय, तुम्ही माझेही दाणे चालवायचात आणि माझ्या वतीनं अगदी वाईट खेळायचात. मला राग यायचा. मी असं खेळले असते काय?

उन्हाळ्यात तुमची छाती दुखली. दवाखान्यात तोंडावर मास्क होता, बोलता येत नव्हतं. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मला ती नजर झेपेना. मी उठून पंख्याचा वेग वाढवला! एवढंच केलं मी. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सगळे तुमच्याविषयी बोलले, तेव्हा मलाही उभं केलं. मी म्हटलं, "मामाजी फार शिस्तीचे होते." शिस्तीचे! आठ वर्षांचं एवढंच निघालं माझ्या तोंडून.

आता कालचं सांगते. नकाशाच्या आत तुमच्या नियमांचा फुलस्केप होता. तेरा नियम मला तोंडपाठ आहेत. काल पाहिलं तर खाली चौदावा होता, लाल शाईनं, खात्यातल्या नोंदीसारखा:

"दुरुस्ती. नियम १४. तह मोडता येतो. ज्याचा मोडला त्याने मोडणाऱ्यास वाईट बोलू नये. बोलल्यास दंड, एक तालुका. सबब, तिरोडा तालुका मंदाबाईकडे वर्ग केला."

खाली तुमची सही. आणि तारीख आपल्या भांडणाच्या दुसऱ्या दिवसाची.

तिरोडा! माझं माहेर. आठ वर्षांत तुम्ही तो तालुका एकदाही पुरता माझ्या हाती लागू दिला नव्हता. माझ्या नावापुढं तुम्ही सहीसाठी जागासुद्धा सोडली होती, ती कोरीच आहे.

मामाजी, हे तोंडानं सांगायला काय झालं होतं हो? मी दोन खोल्या पलीकडं होते. पण तुम्ही तीनदा विचारलंत. एकदा जरी मी सतरंजीवर बसले असते, तरी कागद माझ्या समोरच असता. हिवाळाभर तुमची माफी त्या गुंडाळीत पडून होती आणि मी कळश्या भरत राहिले. तुम्हाला बोलता आलं नाही, मला बसता आलं नाही. आपण दोघंही सारखेच हट्टी. बाहेरची असते तर इतकी तुमच्यासारखी झाले असते का?

काल प्रज्ञा वाचून म्हणाली, "आजोबांनी सॉरी म्हटलंय ना आई?" मी हो म्हटलं. मग मी तिच्यासमोर तुम्ही सोडलेल्या कोऱ्या जागेवर सही केली आणि खाली माझ्या अक्षरात एक ओळ वाढवली. तेच माझं तुम्हाला वचन समजा:

"नियम १५. घरातलं कुणी 'बसतं काय' म्हणून विचारलं, तर कितीही राग असला तरी निदान एक डाव बसायचं."

तुमची,
मंदा