उकिरड्याची माती

प्रिय शालूताई,

आज गजाननची बायको दारात आली, म्हणून हे लिहितो आहे. हो, त्याच गजाननची! आपला चुलतभाऊ, ज्याने तुला मारलं. तिच्या हातात मातीची पिशवी होती.

"भाऊजी, पेरणीच्या आधी तपासून आणजा. या खेपेले साऱ्या वावरातली घेतली. उकिरड्याची नाई."

मी पिशवी हिसकावली आणि भिंतीवर आपटली.

उकिरडा! त्यापायीच तुझा जीव गेला ना? गावाला माती तपासून खताचा सल्ला तूच द्यायचीस. गेल्या वर्षी गजाननने तपासणीला दिली ती जुन्या उकिरड्याच्या जागेवरची माती, वावरातली सगळ्यात काळी. पाहुण्यापुढे चांगलंच ताट ठेवावं, तशी! अहवाल उत्तम आला, तू युरिया कमी करायला सांगितलंस आणि त्याची कपाशीची पऱ्हाटी पिवळी पडली.

मग तू ड्रोन उडवलास. फोटोत सगळं वावर पिवळं, कोपऱ्यात एकच हिरवागार ठिपका. धुऱ्याच्या बांधावर, गावासमोर तू म्हणालीस, "काबे गजा, माती तपासाची होती का पोरगी दाखवाची होती? पावडर लावूनच आणली!"

लोक खो खो हसले. किती धारदार जीभ तुझी, ताई!

त्याने बैलगाडीची उभारी, तो जाड लाकडी दांडा, उपसली. पहिला घाव ड्रोनवर. तू मधात काऊन गेलीस? त्या प्लास्टिकच्या पंख्यांसाठी? दुसरा तुझ्या कपाळावर बसला. काळ्या मातीत रक्त दिसत नाही. माझ्या सदऱ्यावर दिसलं.

तो तुरुंगात गेला. मी आर्वीपासून वर्ध्यापर्यंत न्यायावर भाषणं ठोकली. मनात मात्र एकच चित्र: तीच उभारी माझ्या हातात आणि त्याचं डोकं समोर!

आज ती बाई अंगणात बसून सांडलेली माती ओंजळीने भरू लागली. मी ओरडलो, "राहू दे! त्यात अंगणाची माती मिसळली. हा नमुना खोटा झाला!"

बोललो आणि थबकलो. हे तर तुझं बोलणं!

ती वर न पाहता म्हणाली, "मंग खरा कोण घेईन? मले घेणं ताईनंच शिकवलं होतं."

ताई, उद्या सकाळी मी त्या वावरात जाईन. माफी नाही! तो सुटून आला तर त्याच्या तोंडावर थुंकेन. पण उकिरडा सोडून, कोपऱ्याकोपऱ्यात खड्डे मीच खणीन. तुझा ड्रोन दुरुस्त करून आणलाय, तोही उडवीन. आणि फोटोत काहीही दिसो, त्या धुऱ्यावर कुणाला हसू देणार नाही.

तुझ्याच जिभेचा,
अरुण